अर्ज कोठे करावा? : डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

(द्वितीय वर्ष, कला)

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो गुणांचा. किती टक्के पडले, हे शेजारीपाजारी, नातेवाईक, एस.टी.च्या थांब्यावर भेटलेली माणसे, सगळेच विचारतात. अर्ज कोठे केला आणि तेथेच का केला, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ज्यांच्या घरी दोन पिढ्या शिकलेल्या असतात, त्यांना या प्रश्नाचे उत्तर जेवताना बोलता बोलता मिळून जाते. कोणत्या महाविद्यालयात कोणता विषय चांगला शिकवतात, शिष्यवृत्तीचे अर्ज केव्हा निघतात, कोणती पदवी पुढे कोठवर नेते, ही माहिती त्यांना वारशाने मिळते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. अशा घरांत हा प्रश्न फार लवकर सुटतो. एस.टी. जेथे सकाळी नेते आणि संध्याकाळी जेथून परत आणते, ते महाविद्यालय चांगले!

या प्रश्नाचा मी नव्याने विचार करू लागले ती डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चरित्रामुळे. औषधविज्ञानाच्या जगात हे नाव मोठे आहे. स्नायूंना शक्ती पुरवणारी द्रव्ये ज्यांनी शोधली त्यांत ते होते. रक्तवाढीच्या गोळीतील फॉलिक ॲसिड, हत्तीपायावरची गोळी, कर्करोगावरचे एक औषध आणि टेट्रासायक्लीन वर्गातील पहिले प्रतिजैविक यांच्यामागे त्यांचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे श्रम आहेत. तथापि या लेखात मला त्यांच्या शोधांपेक्षा त्यांच्या अर्जांविषयी अधिक सांगायचे आहे. जवळ पैसा नाही, मोठी ओळख नाही, पदवीसुद्धा दुय्यम, अशा तरुणाने कोणत्या दारापाशी जाऊन उभे राहायचे हे कसे ठरवले, ही त्यांच्या चरित्रातील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आहे.

१२ जानेवारी १८९५ रोजी, त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील भीमावरम् येथे, एका तेलुगू कुटुंबात सुब्बारावांचा जन्म झाला. घरात भावंडे पुष्कळ, वडिलांची प्रकृती नाजूक आणि मिळकत बेताची. शाळेत ते चमकले असे नाही. मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना दोनदा अपयश आले. तिसऱ्या खेपेला मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून ते उत्तीर्ण झाले. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात इंटर करताना गणितात त्यांची बुद्धी दिसू लागली. पण मनाचा ओढा निराळाच होता. रामकृष्ण मठात जाऊन संन्यास घ्यावा, असे त्यांना वाटत होते. त्यासाठी आईची संमती हवी होती आणि आईने ती दिली नाही. तेव्हा मठातूनच त्यांना सल्ला मिळाला की, वैद्यक शिकावे, म्हणजे मिशनच्या रुग्णालयांत सेवा करता येईल. त्यांचा वैद्यकाकडे जाण्याचा पहिला अर्ज हा असा, एक दार बंद झाल्यावर दुसऱ्या दारी केलेला होता. पैशाचे साहाय्य मित्रांनी आणि पुढे सासऱ्यांनी केले. १९१९ साली शेषगिरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

मद्रास मेडिकल कॉलेजात असताना देशात स्वदेशीचे वारे वाहत होते. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन सुब्बारावांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा पोशाख घालण्यास सुरुवात केली. शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षेत सुब्बारावांनी चांगले यश मिळवले, पण हाती पडली ती एम.बी.बी.एस. ही पूर्ण पदवी नव्हे, तर एल.एम.एस. हे दुय्यम प्रशस्तिपत्र. चार अक्षरांऐवजी तीन अक्षरे! ज्यांनी कधी नोकरीचा अर्ज भरला आहे त्यांना या एका अक्षराची किंमत सांगायला नको. मद्रासच्या सरकारी वैद्यकीय सेवेत शिरण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तो फळाला आला नाही.

या तरुण वयातच त्यांच्या घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने एका रोगाने गेले. त्या रोगाला डॉक्टर स्प्रू म्हणतात. आपल्याकडील संग्रहणीचाच तो एक प्रकार. उष्ण प्रदेशातला हा आजार. खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, तोंड येते, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी होत जाते आणि माणूस झिजत जातो. पुढे स्वतः सुब्बारावांनाही तो जडला. डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदीय औषधांनी त्यांना गुण आला. याच लक्ष्मीपतींच्या मद्रासमधील आयुर्वेद महाविद्यालयात सुब्बाराव शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. सरकारी सेवेने नाकारलेल्या डॉक्टरला एका वैद्याने जागा दिली, असे म्हणायला हरकत नाही. ते तेथेच राहिले असते तर एक आदरणीय शिक्षक म्हणून त्यांचे आयुष्य सुखाने गेले असते. पण भावांना नेणारा हा रोग नेमका कशाने होतो आणि औषधातील कोणत्या द्रव्याने बरा होतो, या प्रश्नाचे उत्तर ना त्यांच्या डॉक्टरी ग्रंथांत होते, ना वैद्यकाच्या पोथ्यांत.

आता त्यांच्यासमोर जगाचा नकाशा कसा होता ते पाहू. उष्ण कटिबंधातील रोगांचा स्वतंत्र अभ्यास करणाऱ्या संस्था त्या काळी मोजक्याच होत्या. इंग्लंडात लिव्हरपूल आणि लंडन येथे १८९८ व १८९९ साली अशा शाळा निघालेल्या होत्या. आपल्या देशात कलकत्त्याची संस्था १९२१ च्या सुमारास नुकती सुरू होत होती. अमेरिकेत बॉस्टन येथे हार्वर्ड विद्यापीठाने १९१३ साली असा विभाग काढला होता, त्याचे प्रमुख होते डॉ. रिचर्ड स्ट्राँग. सुब्बारावांनी हार्वर्डची वाट धरली. प्रवेश मिळाला, पण पैशांची सोय नव्हती. काकीनाडा येथील मल्लाडी सत्यलिंगम् नायकर यांच्या धर्मादाय निधीतून साहाय्याचे आश्वासन मिळाले, काही रक्कम सासऱ्यांनी उभी केली. सत्ताविशी उलटलेला हा तरुण पत्नीला माहेरी ठेवून ऑक्टोबरच्या अखेरीस बॉस्टनला पोहोचला, तेव्हा तेथे थंडी सुरू झाली होती.

हार्वर्ड हे नाव आज आपण ऐकतो ते त्याच्या दबदब्यामुळे. सुब्बारावांच्या निवडीत मला मात्र निराळा क्रम दिसतो. आधी प्रश्न ठरला, मग त्या प्रश्नाचा अभ्यास कोठे होतो ते पाहिले, आणि पैशांची जुळवाजुळव सर्वांत शेवटी. आपण बहुधा उलट्या क्रमाने जातो. आधी पैसे, मग अंतर, मग नाव. आणि आपला प्रश्न कोणता, हे विचारायचे राहूनच जाते. यात आपला दोष आहे असे मला वाटत नाही. ज्यांच्या खिशात परतीचे भाडे मोजून असते, त्यांचा क्रम तसाच लागणार. पण सुब्बारावांचाही खिसा रिकामाच होता, हे विसरून चालणार नाही.

बॉस्टनमध्ये त्यांच्या मद्रासच्या प्रशस्तिपत्रावर डॉक्टरकी करता येईना. पोटासाठी त्यांनी पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात रात्रपाळीच्या हरकाम्याची नोकरी धरली. रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलणे व धुणे हे त्यांचे काम. मायदेशात जो डॉक्टर होता, तो येथे रात्री भांडी धूत होता आणि दिवसा वर्गात बसत होता. हा भाग वाचताना मला आमच्याच वर्गातले काही मित्र आठवले. रात्री पेट्रोल पंपावर काम करून सकाळी पहिल्या तासाला ते पेंगत बसतात. फरक एवढाच की त्यांचे चरित्र अजून कोणी लिहिलेले नाही.

उष्ण कटिबंधातील रोगांची पदविका १९२४ पर्यंत त्यांच्या हाती आली. येथे त्यांना दुसऱ्यांदा निवड करावी लागली. पदविका घेऊन मायदेशी परतावे, दवाखाना घालावा, हा सरळ मार्ग होता. पण रोगाचे नाव कळले म्हणजे रोग कळला असे नव्हे. शरीरात काय बिघडते हे कळायचे तर रसायनशास्त्राकडे जाणे भाग होते. ते हार्वर्डच्याच जीवरसायन विभागात सायरस फिस्क यांच्या हाताखाली काम करू लागले आणि १९३० साली त्यांनी पीएच.डी. मिळवली.

आज वैद्यक आणि संशोधन या दोन्हींचे शिक्षण एकत्र देणारे अभ्यासक्रम परदेशांत आहेत. विद्यार्थी तेथे डॉक्टरही होतो आणि पीएच.डी.ही करतो. अमेरिकेत असा जोड अभ्यासक्रम १९५६ साली क्लीव्हलंड येथे सुरू झाला, आणि १९६४ पासून तेथील सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशा शिक्षणाला पैसा पुरवण्यास आरंभ केला. हुशार मुले आता तेथे अर्ज करण्यापूर्वी मार्गदर्शक कोण, प्रयोगशाळा कशी, विद्यावेतन किती, वर्षे किती, याची बारीक चौकशी करतात. सुब्बारावांच्या वेळी अशी आखलेली वाट नव्हती. मद्रासचे वैद्यक, बॉस्टनची पदविका आणि तेथलीच पीएच.डी. असे तीन तुकडे त्यांनी स्वतःच्या हाताने एकत्र शिवले. आमच्या आजीच्या गोधडीसारखे ते शिक्षण होते. कापड ठिकठिकाणचे, पण ऊब एकच.

फिस्क यांच्याबरोबर त्यांनी १९२५ साली शरीरातील फॉस्फरस मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. द्रव पदार्थात निळा रंग उत्पन्न करायचा आणि त्या निळेपणाच्या गडदपणावरून फॉस्फरसचे प्रमाण ठरवायचे, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. दोघांच्या नावांनी ओळखली जाणारी ही पद्धत जीवरसायनाच्या विद्यार्थ्यांना पुढे कित्येक दशके शिकवली गेली. तिच्याच साहाय्याने १९२७ साली त्यांनी स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन हे द्रव्य दाखवले आणि १९२९ साली एटीपी. याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही एटीपी स्वतंत्रपणे शोधले. आपण हात उचलतो, धावतो, तेव्हा स्नायूंना जी शक्ती लागते ती एटीपीतून मिळते. स्नायूंच्या कार्याविषयी ज्या विचाराला १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते, तो विचारच या शोधांमुळे बदलावा लागला.

इतके होऊनही हार्वर्डमध्ये त्यांना कायमची जागा मिळाली नाही. या काळात ते यकृताच्या अर्काकडे वळले होते. रक्तक्षयाच्या काही रोग्यांना यकृत खाऊ घातले की गुण येतो हे डॉक्टरांना ठाऊक होते, पण त्यातले नेमके कोणते द्रव्य गुणकारी, हे कळलेले नव्हते. येथे या कथेचा एक धागा आपल्या मुंबईशी जुळतो. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज स्त्री-डॉक्टर १९२८ पासून मुंबईत गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या. यीस्टच्या अर्काने या स्त्रियांचा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. यीस्टमधले ते अज्ञात द्रव्य म्हणजेच पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले.

१९४० साली सुब्बारावांनी तिसरी निवड केली. जगप्रसिद्ध विद्यापीठ सोडून ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. लोकांच्या दृष्टीने ही पायरी उतरणेच होते. पण अनेक शास्त्रज्ञ, भरपूर साधने आणि कारखान्याचे बळ जेथे एकत्र होते, तेथेच हे काम तडीस जाणार होते. थोड्याच वर्षांत ते तेथील संशोधनाचे संचालक झाले. १९४५ साली या प्रयोगशाळेतील संशोधकांनी फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केल्याचे जाहीर केले. लवकरच अमेरिकेतील डॉ. टॉम स्पाइज यांनी हे द्रव्य स्प्रूच्या रोग्यांना देऊन पाहिले आणि रोगी सुधारू लागले. ज्या रोगाने दोन भाऊ नेले, ज्या रोगासाठी सुब्बारावांनी मद्रासहून पहिला अर्ज केला होता, त्यावरचे औषध वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, अर्ज केलेल्या संस्थेत नव्हे तर एका कारखान्यात, त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

फॉलिक ॲसिडसारखीच दिसणारी पण त्याच्या कार्यात अडथळा आणणारी द्रव्येही याच प्रयोगशाळेत घडवली गेली. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी त्यांपैकी एक द्रव्य रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या १६ मुलांना दिले. १९४८ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, त्यांपैकी १० मुलांचा आजार काही काळ तरी मागे हटला. या रोगाला औषधाने मागे सारल्याची ही पहिली खात्रीची वार्ता होती. त्याच कुळातले मेथोट्रेक्झेट हे औषध आजही कर्करोगात आणि संधिवातात वापरले जाते. १९४७ मध्ये हेट्राझान हे हत्तीपायावरचे औषध पुढे आले, आणि १९४८ मध्ये, वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डगर यांच्या परिश्रमातून, ऑरिओमायसिन.

यांतल्या दोन औषधांशी माझी ओळख जुनी आहे. शाळेत आठवड्यातून एकदा बाई आम्हा मुलींना रांगेत उभे करून रक्तवाढीची गोळी देत. लोहाबरोबर त्या गोळीत फॉलिक ॲसिड असते. दुसरी ओळख आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पुष्कळांना असेल. आशाताई दारोदार येतात, वय विचारतात आणि हत्तीपायाच्या गोळ्या समोर उभ्या राहून गिळायला लावतात. त्यांत हेट्राझानचेच द्रव्य असते. भारतात २००४ पासून अशी सामुदायिक औषधवाटप मोहीम चालू झाली. माझ्या आजीचा डावा पाय हत्तीपायाने सुजलेला आहे. या गोळीने रक्तातले जंतू मरतात आणि रोग दुसऱ्याला होण्याचे टळते. वर्षानुवर्षे सुजलेला पाय मात्र तिने पूर्वीसारखा होत नाही. औषध १९४७ साली निघाले, आजीचा जन्म त्यानंतरचा. तिच्या पायापर्यंत ते वेळेवर का पोहोचले नाही, हा प्रश्न मला सुब्बारावांच्या चरित्रानेच दिला.

याच चरित्रात एक गोष्ट अशी आहे की जिच्यापाशी मी थांबते. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हृदयक्रिया बंद पडून सुब्बाराव झोपेतच गेले. परदेशी गेल्यापासून ते एकदाही भारतात परतले नाहीत. शेषगिरी इकडे पंचवीस वर्षे वाट पाहत राहिल्या. जगाला औषधे मिळाली. त्यांना पती मिळाला नाही. सुब्बारावांच्या मोठेपणाला यामुळे बाध येतो असे मी म्हणणार नाही, पण मुलगी म्हणून मला विचारावेसे वाटते की, एका माणसाच्या अर्जावर आणखी किती जणांचे आयुष्य लिहिलेले असते? अर्जाच्या नमुन्यात तो रकाना नसतो. आमच्या घरीसुद्धा मी शिकते म्हणून धाकटा भाऊ शाळा सुटल्यावर बाबांबरोबर शेतावर जातो. त्याचे नाव माझ्या कोणत्याही अर्जावर येणार नाही.

१९९५ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने सुब्बारावांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. एवढ्या मोठ्या कार्याच्या मानाने त्यांचे नाव आपल्याकडे थोड्यांनाच ठाऊक आहे. पण त्यांची खंत करण्यापेक्षा त्यांच्याकडून एक रीत घ्यावी असे मला वाटते. विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वर्षी आपल्यापैकी कित्येक जण कोठे ना कोठे अर्ज करतील. एम.ए., बी.एड., कायदा, स्पर्धा परीक्षा, परिचर्या अशा नाना वाटा आहेत. त्याआधी एका कोऱ्या कागदावर आपला प्रश्न एका वाक्यात लिहून पाहावा. तो जमला की कोठे जायचे हे शोधणे पुष्कळ सोपे होते. आणि गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे की, ज्यांच्या घरी विचारायला कोणी नाही अशा विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वर्षातून दोनचार तास काढावेत. कोणत्या संस्थेत काय चालते, शिष्यवृत्त्या कोणत्या, अर्ज केव्हा निघतात, हे तेवढ्या तासांत सांगून होईल. आम्हाला गुण मिळवता येतात. दारे कोठे आहेत, हे कोणी तरी दाखवावे लागते.

माझा कागद मी लिहिला आहे. १९४७ सालचे औषध आमच्या गावात पोहोचायला इतकी वर्षे का लागली, हे मला शोधायचे आहे. हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही. इतिहासाचा, समाजाचा आणि सरकारी कारभाराचा आहे, म्हणजे कला शाखेचाच आहे. मुंबईत आणि दिल्लीत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास समाजशास्त्राच्या अंगाने होतो, असे ग्रंथालयातील माहितीपत्रकांत वाचले. त्यांतला एक पत्ता मी वहीत उतरवून घेतला आहे. बाबांना अजून सांगितलेले नाही. भाऊ मात्र म्हणाला, आधी भाडे किती ते विचार.